एक दिवस छताखाली, एक दिवस आभाळाखाली

हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात याकोब फान रॉइसडालचं एक चित्र आहे. लांबी-रुंदी दोन-दोन फुटांच्या आसपास, काळ १६७० ते १६७५ च्या दरम्यानचा. वरचा दोन तृतीयांश भाग नुसतं आभाळ आहे. ढगांवर ढग रचलेले आणि त्यांतून कुठे कुठे खाली उतरलेलं ऊन. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत सपाट जमीन, तिच्यावर धुऊन वाळत टाकलेल्या लिननच्या कापडाचे लांबच लांब पांढरे पट्टे, आणि क्षितिजावर हार्लेम गावाच्या छपरांतून वर आलेलं सेंट बाव्होचं चर्च.

हे चित्र पाहावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हार्लेमच्या पश्चिमेला, समुद्राच्या अलीकडे असलेल्या वाळूच्या टेकड्यांवर सायकलीनं जावं. रॉइसडालनं गाव पाहिलं ते याच बाजूनं. कापड वाळवायची मैदानं गेली, तिथे बंगले आणि बागा आल्या. चर्च मात्र जागच्या जागी आहे, आणि आभाळ तर अगदी तेच. आदल्या दिवशी चित्रात जे ‘काय बाई नुसते ढग काढलेत’ असं वाटलं होतं, ते समोर उभं राहिल्यावर गटातला सगळ्यात कंटाळलेला माणूसही पाच मिनिटं गप्प होतो.

चित्रं आणि गावाकडचा प्रदेश असं दोन्ही पाहायला मित्रमंडळी किंवा नातेवाईक मिळून परदेशी जायचं असेल, तर मी नेदरलँड्स सुचवते ते यासाठी. इथे चित्र आणि चित्रातली जमीन यांच्यात तासाभराचं अंतर असतं. देश लहान आहे, सपाट आहे, रेल्वे सगळीकडे जाते, इंग्रजी सर्रास चालतं. बारा दिवसांत दहा देश दाखवणाऱ्या सहलीत माणूस बसमध्ये सर्वांत जास्त वेळ असतो. तोच बारा दिवसांचा वेळ या एका देशाला दिला तरी काही तरी राहतंच. आणि कृपा करून त्यात पॅरिस घुसडू नका. लूव्र ही वेगळी सहल आहे.

किती माणसं, कुठे राहायचं

सहा ते दहा. दहाच्या वर गेलात की हॉटेलात एका टेबलावर बसता येत नाही, संग्रहालयं तुम्हाला ‘ग्रुप’ मानून वेगळे नियम लावू लागतात आणि रोज सकाळी कोणाची तरी वाट पाहण्यात अर्धा तास जातो. सहाच्या खाली घराचं भाडं अंगावर येतं.

घराबद्दल आधीच एक गोष्ट लक्षात घ्या. ॲमस्टरडॅममध्ये घरमालकाला आपलं राहतं घर पर्यटकांना वर्षात फार तर तीस रात्री देता येतं आणि एका वेळी चारपेक्षा जास्त पाहुणे ठेवता येत नाहीत. त्यामुळे ‘ॲमस्टरडॅमच्या मधोमध आठ जणांसाठी सुंदर घर’ अशी जाहिरात दिसली तर आधी ती कायदेशीर आहे का ते तपासा. शिवाय तिथल्या मुक्कामावर साडेबारा टक्के पर्यटन कर आहे. राजधानीत राहायचा हट्ट सोडलात तर पैसे वाचतात आणि झोपही नीट होते.

मी मुक्काम दोन ठिकाणी विभागते. पहिले पाच-सहा दिवस हार्लेम. ॲमस्टरडॅम तिथून रेल्वेनं वीसेक मिनिटांवर, हेग तासाभराच्या आत, समुद्रकिनारा आणि वाळूच्या टेकड्या सायकलच्या टप्प्यात. गाव चालत फिरण्याएवढं आहे. नंतरचे तीन-चार दिवस देशाच्या मध्य-पूर्वेला, फेलुवे नावाच्या जंगल-माळरानाच्या प्रदेशात. तिथे सुट्टीसाठी बांधलेल्या बैठ्या बंगल्यांच्या वसाहती आहेत. चार-पाच खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगण असलेला बंगला गटाला उत्तम पडतो. भाडं ठरवताना चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई त्यात धरली आहे का ते विचारून घ्या, बरेचदा या गोष्टींचे पैसे वेगळे असतात. रात्री दहानंतर अंगणात गाण्याच्या भेंड्या मात्र नकोत, शेजारी तक्रार करतात.

आणि मग एकच नियम: एक दिवस छताखाली, एक दिवस आभाळाखाली. लागोपाठ दोन दिवस संग्रहालय ठेवायचं नाही. तिसऱ्या दिवशी लोक चित्रांकडे बघत नाहीत, बसायला बाक कुठे आहे ते बघतात. यात त्यांचा दोष नाही. मधे मधे उभं राहत सावकाश चालणं हे सलग चालण्यापेक्षा पायांना जास्त लागतं.

संग्रहालयात गट फोडायचा

गट म्हणून फिरायचं ते संग्रहालयाच्या दारापर्यंत. आत गेल्यावर दोघा-तिघांच्या तुकड्या करायच्या, दोन तासांनी कॅफेत भेटायचं ठरवायचं आणि एकमेकांना शोधत फिरायचं नाही. दहा जण एका चित्रापुढे उभे राहिले की आठ जणांना चित्र दिसत नाही, आणि मागच्या परक्या लोकांना तर मुळीच नाही. ज्याला पाय दुखतात म्हणून अर्ध्या तासात बाहेर यायचं आहे, त्याला ते कोणतंही स्पष्टीकरण न देता करता आलं पाहिजे.

प्रत्येकानं पाच चित्रं निवडावीत, त्याहून जास्त नाही. राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर जवळजवळ सगळा संग्रह मोठ्या आकारात पाहता येतो, त्यामुळे ही निवड घरी बसून, चहा घेत करता येते. संध्याकाळी जेवताना ज्यानं त्यानं आपल्या एका चित्राबद्दल दोन वाक्यं बोलायची. ‘मला काही कळलं नाही, पण त्या बाईचा चेहरा आमच्या आत्यासारखा होता’ हेही चालतं. मला तर या गप्पा मार्गदर्शकाच्या भाषणापेक्षा जास्त उपयोगी वाटतात.

ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम वर्षाचे सगळे दिवस उघडं असतं. इथे रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ आहे, १६४२ सालचं, जवळपास पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद. मुळात ते याहून मोठं होतं. १७१५ मध्ये नगरभवनात हलवताना भिंतीवर मावेना म्हणून त्याच्या कडा कापल्या. २०१९ पासून त्याचा अभ्यास आणि दुरुस्ती काचेच्या खोलीत, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर चालू आहे. म्हणजे काही दिवशी चित्रापुढे यंत्रं आणि माणसं दिसतील. याची कल्पना गटाला आधी द्या, नाहीतर ‘एवढ्या लांब आलो आणि चित्राचं काम काढलंय’ अशी कुरकुर सुरू होते. वास्तविक एवढ्या मोठ्या चित्राची डागडुजी होताना पाहायला मिळणं हेच दुर्मीळ आहे.

त्याच मजल्यावर व्हर्मीरची ‘दूध ओतणारी’ आहे, अर्ध्या मीटरहूनही लहान. आधी ती पाहा आणि मग ‘नाइट वॉच’कडे जा. मोठ्या चित्रानं डोळे दिपल्यावर लहान चित्र हातातून निसटतं.

एवढी चित्रं काढवून घेणारी समृद्धी या देशात आली कुठून, हा प्रश्न इथे पडायलाच हवा, आणि मराठी माणसाला त्याचं उत्तर फार लांब शोधायला नको. वेंगुर्ल्यात १६३७ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती, तिचे पडके अवशेष आजही आहेत. व्यापारी माल इकडून तिकडे जात होता तशी चित्रंही गेली. रेम्ब्रांटनं मुघल लघुचित्रं पाहून स्वतःच्या हातानं त्यांच्या नकला केल्या, त्यांपैकी काही राइक्सम्युझियमकडे आहेत. पण कागदावरची कामं प्रकाशानं खराब होतात म्हणून ती कायम मांडलेली नसतात. तुम्ही जाल तेव्हा दिसतीलच असं धरून चालू नका.

व्हॅन गॉग संग्रहालय राइक्सम्युझियमपासून चालत पाच मिनिटांवर आहे. जवळ आहे म्हणून दोन्ही एकाच दिवशी उरकायचा मोह होतो. तो टाळा. दोनशेच्या वर व्हॅन गॉगची चित्रं एका छताखाली आहेत आणि गर्दी जबरदस्त असते. तिकीट फक्त ऑनलाइन, ठरावीक वेळेचं. दारावर खिडकी नाही, ओळखपाळख नाही. उशिरा पोचलात तर आत सोडतीलच असं नाही, म्हणून त्या सकाळी गटानं एक गाडी आधीची पकडावी. राइक्सम्युझियमलाही येण्याची वेळ नोंदवावी लागते. दोन्हीकडे मोठ्या माणसाचं तिकीट पंचवीस युरोच्या आसपास आहे आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत. मुलांसाठीही वेळेची नोंदणी करावीच लागते, हे विसरलं जातं. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. हातात छोटी पिशवी, तिच्यात चष्मा, औषधं आणि फोन, एवढंच ठेवा.

जाण्याआधी ज्यांना वाचायची आवड आहे त्यांनी व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रं वाचावीत. ती सगळी इंग्रजी भाषांतरासह या संग्रहालयानं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. पत्रांत त्यानं शेतांबद्दल, झाडांबद्दल आणि पैशांच्या चणचणीबद्दल जे लिहिलं आहे, त्यानंतर चित्रांपुढे मार्गदर्शकाची गरज उरत नाही.

हेगचं मॉरित्सहाउस मला या सगळ्यांत आवडतं, कारण ते संपतं. सतराव्या शतकातला एक टुमदार वाडा, दोन मजले, दोन तासांत डोकं न भणभणता पाहून होतो. ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ इथे आहे, डॉक्टर टुल्प करत असलेल्या शवविच्छेदनाचं रेम्ब्रांटचं १६३२ सालचं चित्र आहे, कारेल फाब्रिटियसचा साखळीला बांधलेला छोटा पक्षी आहे. आणि व्हर्मीरचं डेल्फ्ट शहराचं दृश्य. व्हर्मीरची जगभरात मिळून पस्तीस-सदतीसच चित्रं मानली जातात, त्यांतली सात या एका देशात: चार राइक्सम्युझियममध्ये, तीन इथे. ज्या डेल्फ्टमध्ये तो जन्मला आणि वारला तिथे एकही नाही. तरीही त्या दुपारी डेल्फ्टला जाच. हेगहून ट्राम किंवा रेल्वेनं थोड्या वेळात पोचता येतं आणि कालव्याच्या ज्या बाजूनं त्यानं शहर पाहिलं तिथे उभं राहता येतं. सोमवारी मॉरित्सहाउस दुपारी एकला उघडतं, तेव्हा सोमवार असेल तर क्रम उलटा करा: आधी डेल्फ्ट, मग हेग.

हार्लेममध्येच फ्रान्स हाल्सचं संग्रहालय आहे. एरवी सहलीच्या यादीत ते नसतं. म्हाताऱ्या, निराधार पुरुषांसाठी १६०९ मध्ये बांधलेल्या आश्रमाच्या इमारतीत ते आहे. हाल्सनं ऐंशी ओलांडल्यावर, स्वतः गावाच्या मदतीवर जगत असताना, याच आश्रमाच्या कारभारी स्त्री-पुरुषांची दोन चित्रं काढली. ती इथेच आहेत. त्या कारभारणींचे चेहरे आणि हात पाहा. आपल्याकडे कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या कार्यकारिणीत काम केलेल्या माणसाला ती मंडळी लगेच ओळखीची वाटतील. पावसाच्या दिवसासाठी हे संग्रहालय राखून ठेवा, सोमवारी ते बंद असतं.

होखे फेलुवे

संपूर्ण सहलीत एकच दिवस मिळाला असता तर मी तो इथे घालवला असता. होखे फेलुवे हे सुमारे साडेपाच हजार हेक्टरांचं राष्ट्रीय उद्यान आहे: पाइनचं जंगल, हेदरच्या झुडपांचं माळरान, मधूनच वाळूचे उघडे पट्टे, आणि त्यात मोकळी फिरणारी हरणं व रानडुकरं. या जंगलाच्या आत क्रोलर-म्युलर संग्रहालय आहे. व्हॅन गॉगच्या चित्रांचा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा संग्रह तिथे आहे, ‘रात्रीच्या वेळी कॅफेची गच्ची’ हे १८८८ चं चित्र त्यातलंच.

हेलेने क्रोलर-म्युलर या बाईंनी हा संग्रह जमवला. नवरा आंतोन मोठा व्यापारी, जहाजं आणि खनिजांच्या धंद्यातला. व्हॅन गॉगला आजच्यासारखं नाव नव्हतं त्या काळात त्या त्याची चित्रं घेत होत्या. पुढे धंदा अडचणीत आला. संग्रह विकून टाकता आला असता. त्याऐवजी १९३५ मध्ये, संग्रहालय बांधायच्या अटीवर, तो त्यांनी सरकारला देऊन टाकला. हेन्री फान दे फेल्दे या वास्तुकारानं बांधलेलं संग्रहालय १९३८ मध्ये उघडलं आणि पुढच्याच वर्षी हेलेने गेल्या.

उद्यानाच्या दारातून आत गेलं की पांढऱ्या सायकलींच्या रांगा दिसतात. साधारण अठराशे सायकली आहेत, लहान मुलांच्याही, आणि त्या वापरायला मोफत. नाव लिहायचं नाही, अनामत नाही, कुलूप नाही. संग्रहालयापाशी ठेवायची, बाहेर आल्यावर जी समोर असेल ती घ्यायची. ओटर्लो गावाकडच्या दारातून संग्रहालय दहा-पंधरा मिनिटांच्या सायकलवर आहे.

सायकलीबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण आपल्याकडच्या गटात पन्नाशीपुढची माणसं असतात आणि ‘सायकल कोणी विसरत नाही’ म्हणून ती थेट तिथेच बसतात. या सायकलींना गिअर नाहीत, आणि ब्रेक हातात नसून पायात आहे: पायडल उलटं मारलं की सायकल थांबते. सवयीनं पाय मागे फिरवले तर ती मधेच थांबेल. दारापाशी मोकळ्या जागेत दहा मिनिटं फेऱ्या मारून मगच निघा. जायच्या आधी महिनाभर घरी सायकल चालवलेली बरी, पाठ आणि गुडघे दोन्ही तयार होतात. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी बस संग्रहालयापर्यंत जाते. तिच्या फेऱ्या कमी असतात, वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा. दोन जण बसनं आणि बाकीचे सायकलनं, भेट संग्रहालयाच्या कॅफेत, यात कोणाला कमीपणा वाटायचं कारण नाही.

सकाळी आधी चित्रं. डोकं ताजं असतं आणि गर्दीही कमी. दुपारी डबे खाऊन मागच्या शिल्पबागेत जायचं. पंचवीस हेक्टरांची ही बाग १९६१ मध्ये सुरू झाली. रोदाँ आहे, हेन्री मूर आहे, बार्बरा हेपवर्थ आहे, पण गटाला सगळ्यात आवडतात त्या दोन गोष्टी वेगळ्याच. एक, तळ्यात तरंगणारं मार्ता पानचं पांढरं शिल्प, जे वाऱ्यानं हलतं. दुसरं ज्याँ द्युब्युफेचं ‘जार्दँ देमाय’: काळ्या रेघा ओढलेला एक भलामोठा पांढरा उंचसखल चौथरा, ज्याच्यावर चढून चालता येतं. ज्या माणसानं आठवडाभर ‘हे आधुनिक मला कळत नाही’ असं सांगितलेलं असतं, तो इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पावसात हे शिल्प बंद ठेवतात.

आणि मग उरलेली संध्याकाळ माळरानावर. ऑगस्टच्या उत्तरार्धात हेदर फुलतं आणि सगळा माळ जांभळा होतो. सप्टेंबरच्या मध्यापासून लाल हरणांच्या मीलनाचा काळ येतो, नरांच्या डरकाळ्या दूरवर ऐकू येतात. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ प्राण्यांपासून अंतर ठेवण्याचे नियम कडक असतात, ते पाळावेत. दुर्बीण असेल तर न्या.

उद्यानाचं आणि संग्रहालयाचं तिकीट वेगवेगळं आहे. संग्रहालय उद्यानाच्या आत असल्यानं दोन्ही लागतात. एखादं ठरावीक चित्र पाहण्यासाठीच जात असाल तर ते दुसऱ्या देशात प्रदर्शनाला गेलेलं नाही ना, हे संकेतस्थळावर पाहून घ्या. मोठी चित्रं वरचेवर प्रवासाला जातात.

बाकीचं उघडं आभाळ

हार्लेमच्या टेकड्यांचं सांगून झालं. दुसरा दिवस किंडरडाइकला द्यावा. १७४० च्या सुमाराच्या पवनचक्क्या, एकूण एकोणीस, कालव्याच्या दोन्ही काठांवर. त्या शोभेसाठी नव्हत्या, खालच्या जमिनीतलं पाणी उपसून नदीत टाकायला होत्या. या देशाची चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि ती कोरडी ठेवायची म्हणजे काय हे एका चक्कीत शिरून जिने चढल्यावर जेवढं कळतं तेवढं वाचून कळत नाही. रॉटरडॅमहून वॉटरबस नावाची प्रवासी बोट जाते, तिनं जा.

एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांना ट्यूलिप हवेच असतात. लिस्से गावची कोकेनहॉफ बाग साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. सुंदर आहे, आणि तुडुंब आहे. बागेइतकीच आजूबाजूची फुलांची शेतं पाहण्यासारखी असतात. शेतकऱ्याच्या वाफ्यांत फोटोसाठी उतरू नका, त्याचं पीक आहे ते. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस देशभर साजरा होतो. त्या दिवशी ॲमस्टरडॅममध्ये संग्रहालय ठरवणं व्यर्थ आहे. माझं मत विचाराल तर सप्टेंबर सर्वांत बरा: शाळा सुरू झालेल्या असतात, उजेड रात्री आठपर्यंत टिकतो, माळरान आणि हरणं दोन्ही मिळतात. पाऊस कोणत्याही महिन्यात येतो. छत्री वाऱ्यानं उलटते, टोपीचं जाकीट न्या.

जेवण

घरात स्वयंपाकघर असलं की निम्मे प्रश्न सुटतात. तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे, टोमॅटो सगळं सुपरमार्केटात मिळतं. मसाले, पोहे, चकल्या, लाडवांचे डबे इकडून नेता येतात. पण युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्यांनाही प्रमाणपत्र लागतं, म्हणून मे महिन्यात भाच्यासाठी हापूसची पेटी नेण्याचा विचार मनातून काढा, कढीपत्त्याचाही. ताकाची तहान तिथे भागते: ‘कार्नेमेल्क’ लिहिलेला पुडा घ्या, मीठ-जिरं आपलं घाला. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

हेगमध्ये एकदा तरी सुरिनामी रोटी खा. १८७३ पासून बिहार आणि उत्तर प्रदेशातून करारावर मजूर म्हणून सुरिनामला नेलेल्या लोकांचे वंशज पुढे नेदरलँड्सला आले, हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. पातळ रोटी, बटाट्याची भाजी, लांब शेंगांची भाजी, असं शाकाहारी ताट सहज मिळतं. दमलेल्या गटाला ते जेवण माहेरचं वाटतं. एरवी छोट्या गावांत रात्री नऊला स्वयंपाकघरं बंद होतात, तेव्हा साडेसहा-सातलाच जेवायला बसा.

पैसे, कार्ड, कागद

सामायिक खर्चासाठी निघण्याआधीच प्रत्येकानं सारखी वर्गणी एका खजिनदाराकडे द्यावी. घर, किराणा, गटाची जेवणं त्यातून. संग्रहालयातली खरेदी, कॉफी-केक ज्याचं त्याचं. रोज रात्री हिशेब लिहून व्हॉट्सॲपवर टाकावा. दहा युरोंवरून तीस वर्षांची मैत्री आंबते, आणि तोंडावर कोणी काही बोलत नाही.

तिथे रोख पैसे बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. आपल्या कार्डावर परदेशी आणि स्पर्शविरहित, म्हणजे नुसतं टेकवून होणारे व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून ठेवा. हेच कार्ड रेल्वे, ट्राम आणि बसमध्ये चढताना टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. दुसरं टेकवणं विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, म्हणून प्रत्येकाकडे स्वतःचं कार्ड हवं. नवऱ्याचं एकच कार्ड आणि बायको त्याच्या मागे, हे तिथे चालत नाही. ट्राम-बसमधून उतरल्यावर रस्त्याकडेही लक्ष असू द्या: लाल रंगाच्या पट्ट्या सायकलींच्या आहेत. गप्पा मारत त्यांच्यावर उभं राहणं धोक्याचं आहे, घंटी वाजली की बाजूला व्हा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मोठ्यांची फी ९० युरो, त्यावर अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. गट असला तरी अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र असतो, आणि एकाचा नाकारला जाऊ शकतो. तेव्हा घर आणि हॉटेल शक्यतो रद्द करता येईल असं घ्या, आणि तसं झालं तर बाकीच्यांनी जायचं की नाही हे आधीच, सगळे खुशीत असताना ठरवा.

सप्टेंबरला निघायचं असेल तर माणसं आणि तारखा जानेवारीत पक्क्या करा, फेलुवेतला बंगला फेब्रुवारीत घ्या, व्हिसाची भेट उन्हाळ्यात मिळवा आणि व्हॅन गॉगची तिकिटं विक्रीला आली की त्याच आठवड्यात काढा. क्रोलर-म्युलर सोमवारी बंद असतं, म्हणून ओटर्लोला जायचा दिवस मंगळवार ते रविवार यांतलाच धरा.